कन्हेरीच्या रेडिओत सरत गेलेला आवाज

जे आहे ते मोजता येतं, आणि जे मोजता येत नाही ते नाहीच — या तत्त्वावर मी आयुष्य उभारलं होतं. मोजायला माझ्याकडे एकच मीटर होता. तो थोडं जास्तच दाखवायचा. भुताखेतांवर तर माझा काडीचाही विश्वास नव्हता.

सन पंचावन्नच्या सुमारास बारामतीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. जवळच्या कन्हेरी गावच्या चावडीतला सरकारी रेडिओही मीच बघायचो. बॅटरीवरचा सेट; पुरवून पुरवून संध्याकाळी तासभर लावायचे. खंडेनवमीला गावानं त्याची साग्रसंगीत पूजा केली, तेव्हा आतल्या काचेच्या व्हॉल्व्हवरचं हळदकुंकू मीच पुसलं.

गावातल्या आबांचा मुलगा दत्तू मुंबईच्या रेडिओवर एक अभंग गाऊन आला, आणि महिन्याभरात विषमज्वरानं गेला. त्या अभंगाची तबकडी मात्र मुंबई केंद्रावरून दर गुरुवारी लागायची. आबा सेटला कान लावून बसत.

मग दत्तूचा आवाज बारीक होऊ लागला... फक्त त्याचा. पेटी, टाळ, निवेदक — सगळं खणखणीत. अख्खा गाव साक्षीला होता. मी व्हॉल्व्ह बदलले, नवी बॅटरी घातली. दुरुस्ती चोख झाली. आवाज आणखी बारीक झाला.

आबा म्हणाले, "मेस्त्री, ऐकून ऐकून सरतंय माझं पोरगं."

"आबा, ती काय म्हस हाय व्हय आटायला?" कुणीतरी म्हणालं. आबा हसले नाहीत.

आवाज शिल्लक राहावा म्हणून त्यांनी गावाला हात जोडून तीन गुरुवार सेट बंद ठेवायला लावला. चौथ्या गुरुवारी लावला. पेटी वाजली, टाळ वाजले. मध्ये कुणीच गात नव्हतं.

त्याच वेळी माझ्या बायकोनं दुकानातल्या सेटवर सगळा अभंग ऐकला होता. दुसऱ्या दिवशी मी कन्हेरीला जाऊन म्हटलं, "आबा, दुकानात चला. तिथं दत्तू स्पष्ट ऐकू येतो."

"तितला बी सरवायचा व्हय?" आबा म्हणाले. ते आले नाहीत.

मी आबांचा अंगठा घेऊन मुंबईला तक्रार धाडली. संक्रांतीच्या आधी आबा गेले. उन्हाळ्यात जीपमधून एक साहेब आले. गावानं हार घातला. त्यांनी सेट उघडला, मिटला, चहा घेतला.

झालं ते का झालं, मला आजही सांगता येत नाही. साहेबांचा शेरा मात्र मी उतरवून घेतलाय — 'सेट सुस्थितीत. तक्रारदार गैरहजर.'