हौसाच्या शेगडीत ओळखलेला साग

"अवं, ह्यो भुसा सागाचा न्हाई," शेगडीपुढनं हौसा म्हणाली.

हौसा माझी बायको. गोष्ट एकोणीसशे साठच्या आसपासची, मुळशीतली. सरकारी दवाखान्याची सहा सागवानी दारं माझ्याकडं होती. चार झाली होती. उद्या बांधकाम खात्याचा ओव्हरसीअर ती तपासून पास करणार होता. पास झाली तर शाळेचं कामही मलाच, असं ठरलेलं.

"तू शेगडी बघ. मला लाकूड शिकवू नको."

"शिकवत न्हाई. आठ दिस तुमच्या नाकाला कुलूप हाय, माझ्या न्हाई."

सर्दी खरी होती. साग कापला की जुन्या चामड्यासारखा वास येतो. अंगठ्याला मेणचट लागतो. आडव्या छेदात वर्षावर्षाची कडी दिसतात. वास मला येत नव्हता. मेणचट लागलं होतं. छेद नीट पाहिलाच नव्हता, कारण फळीच्या टोकाला फॉरेस्ट डेपोचा शिक्का होता.

सुताराच्या घरी भुसाच जळतो. डब्यात मधे बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासायचा, बाटली काढून खालून पेटवायचं. दहा वर्षं हौसा माझाच भुसा जाळत होती.

"साग गुमान जळतो," ती म्हणाली. "ह्यो डोळं जाळतोय. तुमी ऐनाचा नांगर केला, तवा असाच धूर व्हता."

मी उठलो. फळीचं टोक करवतीनं उडवलं. कडी नाहीत. ऐनच, सागाहून स्वस्त लाकूड. रंधा अडत होता म्हणून मी त्याला सारखं तेल लावत होतो, आणि तेच तेल माझ्या अंगठ्याला मेणचट लागत होतं. शिक्का खोटा नव्हता. पण शिक्का लाकूड डेपोतून रीतसर सुटलं एवढंच सांगतो, जात सांगत नाही.

ऐन नांगराला चांगला. दाराला उन्हात पिळतो.

लाकूड पुरवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडं गेलो. तो म्हणाला, "मिस्त्री, गप रंग मारा. कुणाला कळतंय?"

घरी आलो. हौसाला सांगितलं.

"दवाखान्यात उद्या मीच जाईन आजारी पडल्यावर. दार अडकलं तर शिव्या कुनाला देऊ? तुमालाच."

सकाळी ओव्हरसीअरपुढं मी कापलेलं टोक ठेवलं.

"तुम्हीच केली आणि तुम्हीच नापास करता?"

"व्हय साहेब. चूक माझी हाय."

तो हसला. पंधरा दिवस दिले. कॉन्ट्रॅक्टरनं तोंड वाकडं करून साग आणला. चार दारांची मेहनत गेली, शाळेचं काम मिळालं.

हौसाला जाऊन आठ महिने झाले. शेवटी तिला त्याच दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर आत तपासत होते, म्हणून मी दार ओढून घेतलं. एका बोटानं लागलं. तिला ते सांगायचं राहिलं.

आता शेगडी मीच भरतो. नव्या सुतारांना एवढंच सांगतो, शिक्का बघा, पण छेद घ्या. आणि सर्दी झाली असेल तर बायकोला विचारा.