फोटोतला निळा डबा

इंटरनेटवर फोटोंचे एक सामाईक भांडार आहे. कोणीही त्यात आपले फोटो टाकावेत आणि कोणीही ते फुकट वापरावेत, अशी तेथली रीत. तेथे काही पुसले जात नाही. कोणी काय लिहिले, कोणी कधी बदलले, कोणी कोणाला विरोध केला, सगळे तारीख-वेळेसह मागे राहते. त्यामुळे माझी ती ओळ आजही तेथे आहे: ‘विरोध. स्थान अपुरे.’ खाली माझे नाव.

मी भूगोलाचा मास्तर होतो. निवृत्तीनंतर चंद्रपूरच्या घरात बसून या भांडाराच्या नादी लागलो. तेथे एकेका विषयाचा एकच फोटो ‘सर्वांत मोलाचा’ ठरवतात. सर्वांत सुंदर नव्हे, तर ज्याच्यावरून ती वस्तू सर्वांत नीट कळेल असा. मोहाच्या फुलाचा एक, धानाच्या बांधीचा, म्हणजे भातखाचराचा, एक. नवा फोटो आला तर त्याला जुन्याशी ताडून पाहतात आणि मते पडतात. आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्याकडचे फोटो आले की बाहेरचे परीक्षक माझ्या मताची वाट पाहत. वह्या तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे फार गोड लागते. लाल पेन हातातून सुटले होते, ते परत मिळाले.

भांडाराचे नियम इंग्रजीत होते. ते मराठीत मीच आणले. त्यात एक टीप राहून गेली: नेमके ठिकाण सांगितल्याने वस्तूला धोका होणार असेल तर नुसता तालुका लिहिला तरी चालेल. अगदी खाली, बारीक अक्षरात होती ती. नंतर करू म्हणून सोडली. तेव्हा तो निव्वळ आळस होता.

‘अश्मीभूत खोड’ या विषयाचा मान माझ्या फोटोकडे होता. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे झाड गाळात गाडले जाऊन दगड होते, तसल्या खोडाचा वीतभर तुकडा. काळ्या मखमलीवर ठेवून, खिडकीच्या उजेडात काढलेला. वाढीची वलये मोजता येत होती. स्थान म्हणून मी सिरोंच्याच्या रस्त्यावरचा एक ठिपका ठोकून दिला होता. तो खोटा होता. तुकडा मुळात माझ्या टेबलावरचा. नोकरीत असताना निवडणुकीच्या ड्यूटीवर त्या भागात गेलो होतो. मतदान आटोपल्यावर एका गावकऱ्याने कौतुकाने नाल्यात नेऊन दगडाचे अख्खे झाड दाखवले. तो पाठमोरा झाला तेव्हा मी एक सैल तुकडा उचलून टॉवेलात गुंडाळला. पुढे वर्षानुवर्षे तो उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून राहिला.

पाच वर्षांपूर्वी चंद्रपुरात मी एक कार्यशाळा घेतली. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनी ते भांडारात कसे टाकावेत, हे शिकवायला. त्यात एक नर्सबाई आल्या. मूळच्या कुरखेड्याकडच्या, नोकरी पार दक्षिणेला, तेलंगणाच्या सीमेजवळच्या एका उपकेंद्रात. पाड्यापाड्यांवर जाऊन लेकरांना लस टोचणे हे त्यांचे काम. मी सर्वांना बजावले होते की खरे नाव लावा, टोपणनावामागे लपू नका, आपल्या भागाचे नाव झाले पाहिजे. बाईंनी तसेच केले.

दोन महिन्यांनी त्यांचा फोटो आला. नाल्याचे कोरडे पात्र, आणि त्यात बुंध्यापासून शेंड्याकडे आडवे पडलेले ते झाड. तेच झाड. मुळांचा फुगवटा दिसत होता, मधल्या भेगा दिसत होत्या. खोडावर मधोमध त्यांनी आपला लसीचा निळा डबा ठेवला होता, पट्ट्यासकट. त्या डब्यामुळे झाड केवढे आहे ते एका नजरेत कळत होते. माझ्या मखमलीवरच्या तुकड्यावरून काहीच कळत नव्हते, हे मला पहिल्या मिनिटात समजले. खोटे कशाला बोलू? मी लगेच त्यात खोट शोधायला लागलो.

आपल्याच फोटोला मत देता येत नाही, पण समोरच्याला विरोध करता येतो. बाईंनी स्थानाच्या रकान्यात फक्त तालुका लिहिला होता. मी विरोध नोंदवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“सर, स्थान अपुरे म्हंजे काय?”

“अक्षांश-रेखांश हवेत बाई. नेमके.”

“गाववाले नाई म्हणून राह्यले ना. त्यायचं म्हणणं, जागा कोणाले सांगू नका. मांगं कोणतरी साहेब आले होते म्हणे, एक तुकडा घेऊन गेले.”

तुकडा समोरच होता, टेबलावर.

“सर? हाव का?”

“हो, हो. पण नियम म्हणजे नियम.”

“मले वाटलंच, काई सवलत असन. मी मराठीत पुरं वाचलं, तसं काई लिहिलं नाई तिथी.”

सवलत होती. मला माहीत होते. मराठीत नव्हती, कारण मी आणली नव्हती. त्या क्षणी एवढे बोललो असतो तर पुढचे काही घडले नसते. मी म्हणालो, “नाही बाई, तशी काही सोय नाही.” पहिल्यांदा तो आळस होता. आता नव्हता.

माझा हिशेब साधा होता. गाव नाही म्हणते, म्हणजे बाई माघार घेतील, आणि त्यांचा फोटो आपोआप बाद होईल. पण त्यांनी माघार घेतली नाही. “तुमी म्हणता तं टाकतो सर. सरकारी कामासारखं पक्कं असलेलं बरं,” असे म्हणून त्यांनी सहा दशांश स्थळांपर्यंत आकडे टाकले. माणूस थेट बुंध्यावर जाऊन उभा राहील, इतके नेमके.

आता माझा आक्षेप उरला नव्हता. म्हणून दुसरा काढला: चित्रात विषयाबाहेरची वस्तू आहे, निळा डबा. मग तिसरा: हे खरोखर अश्मीभूत खोडच आहे याला जाणकाराची पुष्टी नाही. जाणकार मीच. परदेशातल्या एका परीक्षकाने मला नम्रपणे विचारले, आपण त्या भागातले आहात, आपल्याला काय वाटते? मी लिहिले, ‘शंका वाटते.’ मते पडली. माझा तुकडा राहिला, त्यांचे झाड पडले. मान गेला तो गेला, आकडे मात्र तेथेच राहिले. ते काढायला मी सांगितले नाही आणि त्यांना ते सुचले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात फोन आला. या वेळी त्यांचा आवाज बसलेला होता.

“सर, ते आकडे काढता येते का?”

“काय झाले?”

“पिकअप घेऊन माणसं आले होते. छन्नी, हातोडे, सब्बल. दोन खेपा केल्या. मुळाकडचं अर्धं गेलं.”

मी म्हणालो, कोणी गावातल्यानेच सांगितले असेल. आधी तेच तोंडात आले.

“गावातल्यानं काऊन सांगन? त्यायनं मोबाइलवर फोटोच दाखवला ना पोरायले. म्हणे हे झाड कुठी हाय. पोरायनं झाड वळखलंच नाई पह्यले. डबा वळखला. म्हणे, हा तं आमच्या सिस्टरचा डबा हाय.”

तो डबा त्या भागातल्या प्रत्येक लेकराने पाहिलेला. दंडावर सुई बसायच्या आधी तो उघडताना पाहिलेला. गावाचा निवाडा तेथेच झाला: सिस्टरने झाड विकले. पुढच्या लसीच्या दिवशी बाई अंगणवाडीत सकाळपासून बसून राहिल्या. दोन बायका आल्या. एक गावातल्या आशा कार्यकर्तीची सून होती आणि दुसरी डोकेदुखीची गोळी मागायला आली होती. अख्खा पावसाळा असाच गेला. लेकरांच्या लसी चुकल्या. वरून कागद आले, काम का होत नाही म्हणून.

मी आकडे काढले. ‘झाले’ असे त्यांना कळवले. ते झाले नव्हते. जुन्या नोंदीत ते तसेच होते आणि तोवर आणखी कुठल्या कुठल्या साइटवर उतरले होते. पिकअपवाले आकडे पाहूनच आले की नुसता फोटो दाखवत, विचारत विचारत, हे मला आजही ठाऊक नाही. या ‘ठाऊक नाही’च्या आडोशाला मी तीन वर्षे बसून होतो. दरम्यान भांडारात परीक्षण करीत होतो, इतरांना ‘स्थान नेमके द्यावे’ म्हणून सांगत होतो. बाईंनी पुन्हा एकही फोटो टाकला नाही.

मागच्या हिवाळ्यात मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. दोन दिवस डोळ्यावर पट्टी बांधून पडलो होतो. वाचणे नाही, पाहणे नाही. पट्टी सुटल्यावर टेबलावर पहिल्यांदा स्पष्ट दिसला तो हा तुकडा. फेब्रुवारीत तो पिशवीत घातला आणि एसटीने निघालो.

उपकेंद्रात बाई रजिस्टर भरत होत्या. ओळखायला त्यांना वेळ लागला. मी उभ्यानेच सगळे सांगितले. टीप, तुकडा, विरोध, शंका. त्या ऐकत होत्या, पेनाचे टोपण लावत-काढत होत्या. मग म्हणाल्या,

“म्हंजे सवलत होती.”

“होती.”

“अन् तुमाले माहीत होतं.”

“हो.”

“मी तं गाववाल्यायले म्हणलं होतं, सर मोठे मानूस हाय, ते म्हणते तं काई वाईट नाई होत.” त्यांनी रजिस्टर मिटले. “मले काऊन सांगता? माझ्यासोबत चला. तिथी सांगा.”

समाजमंदिराच्या ओट्यावर आठ-दहा माणसे जमली. गावचा पाटील म्हातारा, माझ्याच वयाचा. माझे बोलणे बाई गावाच्या भाषेत करून सांगत होत्या, पण मी बोलत असताना तो थेट माझ्याकडेच पाहत होता. मी म्हणालो, सिस्टरने काही विकले नाही, जागा टाकायला त्यांना मी भाग पाडले, खोटे सांगून. कोणी रागावले नाही. एक तरुण मात्र हसला. “मंग सर, आता खड्ड्याचा फोटो काढा ना. त्याले पह्यला नंबर द्या.”

मी पिशवीतून तुकडा काढून पाटलाच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट केला, तुटलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. ती बाजू जुनी होती, घासून गुळगुळीत झालेली.

“ये पिकअपवाला नहीं,” तो हिंदीत म्हणाला. “ये तो पुराना है.” मग माझ्या तोंडाकडे निरखून पाहत राहिला. “इलेक्शनवाले मास्तर तुमीच का?”

मी मान हलवली. नाल्यात मला कौतुकाने घेऊन गेलेला माणूस तोच होता. मी त्याला ओळखले नव्हते. त्याने मला ओळखले.

त्याने तुटलेल्या बाजूवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग तुकडा माझ्या हातात परत दिला. “रखो. यहाँ रखेंगे तो कोई और ले जाएगा.” यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

परतताना मी बाईंना विचारले, आता बायका येतात का लेकरांना घेऊन? “येते. दीड वर्ष घरोघर फिरलो मी, पाया पडलो, तवा आल्या. तुमी आज सांगितलं त्यानं माझं काई नाई बदललं सर.” बसमध्ये मला चढवताना त्यांनी पिशवी हातात दिली. “जड हाय,” एवढेच म्हणाल्या.

घरी आल्यावर ती टीप मराठीत आणली. दहा मिनिटांचे काम होते. माझ्या फोटोचे स्थान खोटे आहे आणि तुकडा मी चोरून आणला आहे, हे त्याच्याच पानावर लिहिले. बाईंच्या फोटोवरचे माझे तिन्ही आक्षेप मागे घेतले, कारणांसकट, आणि फेरविचार मागितला. कधी न भेटलेल्या लोकांनी आठवड्यात निकाल दिला. झाड आता तसे उरलेले नाही, अख्ख्या झाडाचा हा एकमेव फोटो, म्हणून हाच सर्वांत मोलाचा. त्यांचे काही चुकले नाही. मोल माझ्यामुळेच वाढले होते.

मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “तो फोटो काढून टाका म्हणा त्यायले.”

“तसे करत नाहीत बाई. एकदा दिला की दिला.”

“मंग माझं नाव तरी.”

नावही निघाले नाही. खरे नाव लावा, असे मीच शिकवले होते. मी अर्ज केला, पुन्हा केला, आणि उत्तर आले की जुन्या नोंदी बदलत नसतात. फोटोखाली आता मानाचे चिन्ह आहे, त्याच्या शेजारी त्यांचे नाव, आणि खोडावर तो डबा.

हे लिहून झाल्यावर त्यांना फोनवर वाचून दाखवले. तीन ठिकाणी त्यांनी थांबवले आणि ती नावे मी खोडली: त्यांचे, गावाचे, नाल्याचे. शेवटी त्यांनी विचारले, “अजून कुठी काई राह्यलं तं नाई ना सर? नीट पाहा.” मी पहिल्यापासून पुन्हा वाचून पाहिले. राहिलेले नाही.