टेबलाखालची पवनचक्की

डबा उघडला की बाई आधी आतला कागद काढायच्या. उलगडायच्या नाहीत. होता त्याहून बारीक घडी करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारायच्या आणि मग पोरांना म्हणायच्या, "हं, बसा आता."

तो कागद मी लिहिलेला असायचा.

तुम्ही लेखक पुष्कळ पाहिले असतील, पण स्वतःचं लिखाण टेबलाखाली जाताना समोर बसून चहा पिणारा बहुतेक मीच. सिल्वासाजवळच्या सायली गावात एका खेळण्यांच्या कारखान्यात मी नोकरीला होतो. भोकं पाडलेल्या लाल-हिरव्या पत्र्याच्या पट्ट्या, चाकं, नट-बोल्ट आणि एक छोटा पाना असा आमचा संच. जोडायचा आणि क्रेन, पूल, पवनचक्की बनवायची. कशी बनवायची ते सांगणारा मराठी कागद लिहायचं काम माझ्याकडे होतं. मुंबईत असताना मासिकांकडून माझ्या कविता साभार परत आल्या होत्या, त्याचं सगळं उट्टं मी या कागदावर काढलं. आकृती सात, पवनचक्की: 'आता पाती हळुवारपणे आसावर स्थानापन्न करावीत.'

शेठनी विचारलं, "स्थानापन्न म्हणजे शुं?"

"बसवावीत."

"तो बसवा लखो ने, भाई."

मी नाही लिहिलं. आधीच सिल्वासात येऊन पडलो होतो, आणखी किती खाली उतरायचं?

बाई आमच्या शेजारच्या खोलीत एकट्या राहायच्या. मूळच्या धुळ्याकडच्या, इथल्या मराठी शाळेत शिकवायच्या. रविवारी सकाळी आजूबाजूची पोरं त्यांच्याकडे जमायची. बहुतेकांचे आईबाप खानदेशातून कारखान्यांत कामाला आलेले. आमच्याकडचा वाकडा, रंग उडालेला माल भंगारात जायचा. शेठना विचारून मी त्यातला थोडा चेपलेल्या डब्यांत भरून बाईंना आणून द्यायचो. वर इमानाने कागद ठेवायचो.

"बाई, निदान एकदा वाचून तरी दाखवा पोरांना."

"चांगला आहे ना भाऊ तुमचा कागद," बाई म्हणायच्या. "जाड आहे."

पोरं मन लावून काहीतरी करत असायची. एकाला तीनच चाकं मिळाली तर त्याने तीन चाकांची बस केली. म्हणाला, खानवेल गावाला जाणारी आहे, चौथं रस्त्यात पडलं. मी त्याला आकृती चारमधला ट्रक समजावून सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "काका, जरा उजेड सोडा."

मग बाजारात सेलवर चालणारी खेळणी आली. शेठ एक दिवस ढोल वाजवणारं प्लास्टिकचं अस्वल घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ते वाजवत ठेवून म्हणाले, "आता हे बनवायचा. तो पत्रा कोण खेळते आता?"

अस्वलाला कागद कशाला लागतो? मी शेठना गळ घातली, एका रविवारी येऊन बघा, पोरं कशी खेळतात ते. ते हो म्हणाले. संध्याकाळी मी बाईंना गाठलं.

"बाई, एकच रविवार कागद वर राहू द्या. पवनचक्की झाली पाहिजे. नाहीतर संच बंद, आणि पोरांचा मालही बंद."

"बघते," बाई म्हणाल्या.

रविवारी शेठ आले, खुर्चीवर बसले. मी आधी टेबलाखाली पाहिलं. कागद तिथेच. वर पोरांनी उभं केलेलं काहीतरी होतं. उंच, जरा तिरकं, बाजूला फिरवायची दांडी.

"आ शुं छे?" शेठनी विचारलं.

"अजून ठरलं नाही," एक मुलगी म्हणाली.

शेठनी दांडी फिरवून पाहिली. वरची एक पट्टी सलाम केल्यासारखी खाली आली. ते हसले, आणखी दोनदा फिरवली, चहा प्यायले. बाहेर आल्यावर मात्र मला म्हणाले, "छोकरा लोक मजा करते, खरं. पण डब्यावर चित्र कशाचं छापू? 'अजून ठरलं नाही' याचं?"

संच बंद झाला. मी तणतणत बाईंकडे गेलो. "मुद्दाम केलंत तुम्ही. एकदा वाचला असता तर काय झालं असतं?"

"वाचला की. तुम्ही पहिला डबा आणला त्याच दिवशी." बाई भाजी निवडत होत्या. "तुमच्या पवनचक्कीला चार लांब पट्ट्या लागतात. तुम्ही आणता त्यात एक तरी लांब पट्टी धड आली का, भाऊ?"

मी एकेक डबा आठवून पाहिला.

"कागद समोर ठेवला की पोरं आपल्याकडे काय नाही तेच मोजत राहतात. घरी दुसरं काय करतात ती? इथे तरी नको म्हटलं."

मी खाली बसलो आणि त्यांच्यासोबत भाजी निवडू लागलो. त्यांनी माझ्या हातची जुडी काढून घेतली, कारण मी पानं टाकून देठं ठेवत होतो.

अस्वलाचा कागदही मीच लिहिला. 'दोन सेल घाला. बटण दाबा.' शेठना त्यातला शब्द न् शब्द कळला. एक कान तुटलेलं अस्वल मी बाईंकडे नेलं. पोरांनी दोनदा ढोल ऐकला. "छान वाजवतंय," बाई म्हणाल्या, "आता पोरांनी काय करायचं?" तोवर ती 'अजून ठरलं नाही'वाली मुलगी पेचकस शोधायला गेली होती.

बाई निवृत्त होऊन गावी गेल्या, त्याआधी त्यांनी सगळ्या पट्ट्या आणि नट-बोल्ट पोरांना वाटून टाकले. टेबल मला दिलं. "ओझं कुठे नेऊ? तुम्ही लिहायला घ्या." त्यांची बस सुटेपर्यंत मी काहीबाही विनोद करत होतो. त्या हसत होत्या, माझी सोय म्हणून.

घरी येऊन टेबल खिडकीशी लावलं. ते डुगडुगलं. मी परत त्यांच्या खोलीत गेलो. खोली रिकामी होती आणि जिथे पाय असायचा तिथे लादीवर कागदांची दाबून चपटी झालेली घडी पडली होती. तिथे उभ्या उभ्या मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. वरचा कागद उलगडला. आकृती सात. पाती हळुवारपणे स्थानापन्न करावीत.

होता त्याहून बारीक घडी केली, घरी नेऊन पायाखाली सारली. टेबल बसलं.