अकरा चौकटी, एक रेषा

दुसऱ्या गावच्या सरासरीखाली राहिलेल्या शेताला नापीक म्हणावे काय, असे झीनत मुजावर यांनी मला एकदा विचारले होते. मी सांख्यिकी शिकवतो. त्या प्रश्नामागची गोष्ट त्यांनीच मला सांगितली.

झीनत सोलापुरातील एका कृषी संशोधन संस्थेत कंत्राटी सांख्यिकी सहायक होत्या. आई गेल्यापासून घरी एकट्या. कचेरीतही त्यांची खोली बियाण्यांच्या गोदामापलीकडे, जिन्याखाली. तिकडे सहसा कोणी फिरकत नसे. सोमवारी मात्र जेऊरच्या चाचणी-शेताचे राखणदार जोतिराम ज्वारीच्या नोंदी फोनवर सांगत, आणि नोंदी संपल्यावरही थोडे बोलत.

मार्च २०२१ मध्ये झीनतनी अकरा तालुक्यांतील अकरा शेतांचे दहा वर्षांचे उत्पादन एकाच पानावर अकरा चौकटींत मांडले. प्रत्येक चौकटीत दर वर्षाच्या उत्पादनाचा एक ठिपका आणि सरासरीची तुटक रेषा होती. जेऊरचे सगळे ठिपके रेषेखाली पडले. ते पान पाहून संस्थेच्या समितीने जेऊरचे शेत बंद करायचे ठरवले.

पुढच्या सोमवारी जोतिराम म्हणाले, "बाई, आमचं शेत यादीतनं उडालं म्हनं. मागली तीन सालं तर लई चांगली पिकली की."

झीनतनी चौकटी काढणारा संगणकाचा कोड उघडला. रेषेसाठी त्यांनी एकच आकडा दिला होता, जिल्ह्याची सरासरी; संगणकाने तोच निमूटपणे अकराही चौकटींत ओढला होता. जेऊरची हलकी जमीन मंगळवेढ्याच्या काळ्या रानाशी मापली गेली होती. तालुकावार सरासरींचा वेगळा तक्ता जोडताच प्रत्येक चौकटीत तिची स्वतःची रेषा उमटली. जेऊरची शेवटची तीन वर्षे त्या रेषेच्या वर होती.

"जोतिरामभाऊ, रेषा माझ्याकडून चुकली," त्यांनी फोन करून सांगितले.

"मग पुसा की बाई. दगडावर कोरलीया व्हय?"

हे उघड करू नका, असे विभागप्रमुखांनी त्यांना समजावून पाहिले. चूक कोणाच्या ध्यानात आलेली नव्हती आणि कंत्राटाचे नूतनीकरण जूनमध्ये होते. झीनतनी तरीही आपल्या नावानिशी टिपण दिले. समिती ते वाचत असताना त्या दाराबाहेरच्या बाकावर बसून होत्या. आत कोणीतरी हसले. कशाला, ते त्यांना कधीच कळले नाही.

शेत राहिले. कंत्राट मात्र सहा महिन्यांचेच मिळाले.

जेऊरला आणखी तीन हंगाम ज्वारी पेरली गेली. ३१ मे २०२४ रोजी जोतिराम निवृत्त झाले. त्यांच्या जागी नेमणूक झाली नाही, आणि जेऊरला पुन्हा पेरणीही झाली नाही.