रविवारी येते, असं मी म्हटलं होतं

तेरेखोलच्या धक्क्यावर फेरीबोट सुटायच्या बेतात होती आणि माय माझ्या कपाळावर अंगठ्याने खुरसाची, म्हणजे क्रुसाची, खूण करत होती. आमच्याकडे रोज संध्याकाळची प्रार्थना झाली की मुलांनी मोठ्यांकडे बेसांव मागायचं, म्हणजे आशीर्वाद. त्या सकाळी सामानाच्या गडबडीत मी मागायला विसरले. मायनेच हाताला धरून थांबवलं. "देव बेसांव घालूं. आनी कुमसार चुकवू नको गो," एवढंच म्हणाली. कुमसार म्हणजे पाद्र्यापुढे पापं कबूल करणं; ते तिने जन्मात कधी चुकवलं नव्हतं. मी पलीकडे केरीला उतरले तरी ती तिथेच उभी होती.

इंग्लंडात मला म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये काम मिळालं. शिफ्ट, रोटा, हँडओव्हर हे शब्द लवकरच तोंडात बसले. दुसऱ्यांच्या आयांना न्हाऊ घालायचं, भरवायचं, शेवट जवळ आला की उशाशी बसायचं. हे मला छान जमतं, असं सगळे म्हणतात. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माय अंथरुणाला खिळली तेव्हा माझ्या भावाचा, पेद्रूचा फोन आला. "वाट बघता ती तुजी. केन्ना येतंस?" मी म्हटलं, रविवारी येते. तिकीट काढलं नव्हतं, सुट्टीही मागितली नव्हती. मागितली असती तर मिळाली असती, हे मला ठाऊक होतं. परक्या बायकांचं मरण मी बघू शकत होते, तिचं नाही. मी भ्याले, दुसरं काही कारण नाही. पुढच्या फोनवर पुन्हा तेच सांगितलं. असे दोन रविवार गेले.

पेद्रू पाद्र्याला आणायला निघाला की माय त्याला अडवायची. "पोर येऊं दी. आयताराक येता. मगीर पाद्री." शेवटचा कुमसार, कपाळाला लावायचं पवित्र तेल, सगळं माझ्या त्या आयतारासाठी, रविवारासाठी खोळंबलं. तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी दुपारी ती गेली, यातलं काहीही न होता.

मी इथल्या चर्चमध्ये जाऊन जाळीपलीकडच्या पाद्र्याला सगळं सांगितलं, इंग्रजीत. पाच मिनिटांत मला क्षमा मिळाली. माझ्यामुळे मायला जी मिळाली नाही, तीच. देव माफ करतो हे लहानपणापासून ऐकत आले, पण खोटं बोलणारीला माफी आणि तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलीला नाही, तर अशी माफी घेऊन मी काय करू? त्यानंतर मी कुमसाराला गेले नाही.

या मे महिन्यात घरी गेले. शेजारच्या सुमतीकाकी हिंदू, पण मायची जन्माची सोबतीण. शेवटच्या दुपारी उशाशी त्याच होत्या. अंगणात आमसुलं वाळत घालता घालता त्या म्हणाल्या, "पाद्री नाय म्हणान तिनां माकाच सांगल्यान."

"काय सांगितलं?"

"म्हणाली, सुमती, हांवें फट मारली, खोटां सांगलां. पोर येवची ना, माका पयल्याच दिसा कळल्लां. पाद्री हाडलो तर मी चललंय हें गावाक कळतलां, आनी ती येवंक ना तेंय. तिका कोण वायट म्हणूं नये, म्हणान सगळ्यांक आयतार सांगीत रावलें. देव माफ करतलो न्हय गो?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"करतलो म्हटलां. आनी कितें म्हणूं?"

त्यांनी पुढचं सूप ओढून घेतलं. मीही पायरीवर बसून त्यात आमसुलं पसरू लागले.

आता परत इंग्लंडात आले आहे. तुम्हा गावकऱ्यांपैकी जे तिथे राहिले ते विचारतात, घरची आठवण येते का? जे इकडे आले ते विचारतच नाहीत. माझं घर म्हणजे आता ती एक खाट, जिच्यावर पडून मायने माझं खोटं आपलं पाप म्हणून कबूल केलं. रोज संध्याकाळी प्रार्थना संपली की मी अजून मायकडे बेसांव मागते. देवाकडे माफी मागायला जाते तेव्हा मात्र शब्द फुटत नाही, कारण माझ्या पापाची माफी आधीच कुणीतरी मागून गेलं आहे.