अकरा खोट्या पंचम्या

"थांब रे, रंग पिकू दे," असं म्हणत आबा कोपरापर्यंत हात रहाडीत बुडवायचे, वर काढून उन्हाकडे धरायचे आणि मान हलवायचे. मान आडवी हलली की चौकात जमलेल्या दोनतीनशे लोकांच्या तोंडून एकदम "अरेरे" निघायचं.

जुन्या नाशकात वाढलेल्यांना रहाड म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. चौकाच्या पोटात दगडी बांधणीचा चौकोनी हौद असतो, पुरुषभर खोल. वर्षभर तो फळ्या आणि माती टाकून बुजवलेला. वरून सायकली जातात, गायी बसतात, वराती निघतात. होळीनंतर पाचव्या दिवशी, रंगपंचमीला, तो उघडायचा, रंगाचं गरम पाणी भरायचं, पूजा करायची आणि सगळ्या चौकाने त्यात उड्या मारायच्या. या उडीला धप्पा म्हणतात. आमच्या रहाडीचा रंग केशरी, पळसाच्या फुलांचा. तो झाला की नाही हे ठरवायचा मान आबांचा होता. त्यांनी "हं" म्हटल्याशिवाय रहाडीत कुणी पाऊल घालायचं नाही, मग तो नगरसेवक का असेना.

आबा पेशाने रंगारी. बायकांची लुगडी आणि लग्नाचे फेटे रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे ते उकळत्या कढईसारखं बघत. चहा समोर आला की "पिकू दे." समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा जिन्यात मुलाला आपादमस्तक न्याहाळून आबा मुलीच्या बापाला म्हणाले, "चांगलाय, पण दोन वर्षं पिकू दे." मुलाने ते ऐकलं. लग्न झालं ते झालंच. पण तो जावई पुढे कित्येक वर्षं सासुरवाडीला मागच्या दाराने यायचा.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. त्याचं आपल्याला काही लागत नाही, पण तो ओट्यावर दिसला नाही की चुकल्यासारखं होतं.

एकोणीसशे ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला आबा विसरू लागले. आधी चष्मा, मग माणसं, मग महिने. एकदा भर श्रावणात पहार घेऊन ते चौकात उतरले आणि रहाड खणायला लागले. वाहतूक अडली. टांगेवाला ओरडला, "आबा, अहो राखी तरी होऊ द्या!" आबांनी त्याच्याकडे बघितलं आणि पहार त्याच्याच हातात दिली. "मग उभा का? लाग कामाला."

मी तेव्हा गंगापूर रोडच्या कॉलेजात शिकत होतो. आमच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या माहितीपटांची एक स्पर्धा काढली होती. माझा मित्र शशी याच्या मामांकडे आठ मिलिमीटरचा कॅमेरा होता. आवाज नाही, एका रिळात जेमतेम तीन मिनिटं, आणि आमच्याकडे रिळं चार. विषय मी सुचवला. आबा. विसरणारा माणूस.

परवानगी आबांच्या सुनेची हवी होती. वहिनी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. घर त्यांच्या पगारावर चालायचं. नवरा फिरतीच्या नोकरीवर. वह्या तपासता तपासता त्या म्हणाल्या, "हसलात तरी चालेल. ते स्वतःच सगळ्यांना हसत आलेत. पण फसवू नका त्यांना. मी दिवसभर घरी नसते."

मी म्हणालो, "वहिनी, शप्पथ."

ते पहिले दिवस इतके मजेचे होते की अजून आठवून मी एकटाच हसतो. आबांना कॅमेरा रोज नवा वाटायचा. रोज ते शशीला विचारायचे, "हे काय, पंप आहे का?" आणि रोज शशी तितक्याच अदबीने समजावून सांगायचा. एकदा कंटाळून तो "हो" म्हणाला, तर आबांनी त्याला मोरीतला नळ दाखवायला नेलं. माझं नाव त्यांना एकदाही आठवलं नाही. कधी मी वायरमन, कधी पोस्टातला, कधी त्यांच्या लहानपणीचा कुणी मित्र. त्या मित्रावर त्यांचा फार राग होता. आंबे चोरल्याबद्दल मी दोनदा कान पिळून घेतला.

मग ती गोष्ट घडली. रंगपंचमीला महिनाभर होता. मी सहज म्हणून गेलो, "आबा, पंचमी आली हं."

"आली" हा शब्द त्यांनी आजच्या दिवसासाठी घेतला. काय सांगू तुम्हाला तो चेहरा! खाटेवर भिंतीला टेकून बसलेला सत्तरीचा माणूस ताडकन उठला. खुंटीवरचा जुना सदरा चढवला, धोतराचा काचा मारला, आणि जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत निघाला. खाली पोचेपर्यंत त्यांनी तीन माणसांना हाका मारून लाकडं आणायला सांगितली होती. शशी बिचारा कॅमेऱ्याची टोपी काढत राहिला. सगळं निसटलं.

चौकात रहाड अर्थातच बुजलेली. वर पाच सायकली उभ्या. आबा त्या सायकलींकडे बघत राहिले. मी त्यांचा हात धरून म्हणालो, "चुकलं आबा, उद्या आहे." ते वर आले, चहा प्याले, विसरले.

जिन्यात शशी माझ्या कानात म्हणाला, "उद्या परत सांगायचं का?"

मी लगेच 'हो' म्हणालो. थोडा वेळ तरी घ्यायला हवा होता. तो मी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी शशीने कॅमेऱ्याला चावी दिली नव्हती. तिसऱ्या दिवशी उजेड कमी. चौथ्या दिवशी आबा निघाले ते छत्री घेऊनच, आणि ती त्यांनी नेमकी कॅमेऱ्यासमोर उघडली. एकदा तर ते खाली जाताना न्हाव्याच्या दुकानात शिरले आणि अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक हाताला धरून चौकात घेऊन आले. "आज दाढ्या कसल्या करता रे!" सगळा चौक हसला, ते गिऱ्हाईकही हसलं, आम्हीही पोट धरून हसलो. अकरा वेळा आम्ही त्यांना सांगितलं की आज पंचमी आहे. अकरा वेळा ते उठले. दर वेळी वहिनी शाळेत होत्या.

तुम्ही म्हणाल, तो आनंद तर खरा होता ना? मीही स्वतःला हेच सांगायचो. वर आल्यावर विसरतातच की. पण खाली सायकलींसमोर ते उभे राहायचे, ते अर्धं-एक मिनिट विसरण्याआधीचं असायचं. तेवढा वेळ मी नेमका शशीशी बोलत असायचो, रीळ किती उरलं त्याबद्दल. शेवटच्या दोनतीन खेपांना ते सावकाश उतरले. आम्हाला वाटलं, गुडघे दुखत असतील.

खरी पंचमी उजाडली. दोन दिवस आधीच रहाड उघडून धुतली होती. पेठ तालुक्याकडची बाई पळसाच्या फुलांची पोती घेऊन ओट्यावर बसली होती. कढया उकळत होत्या. दुपारी रहाड काठोकाठ भरली, पूजा झाली, हलगी वाजायला लागली. पोरं लंगोट लावून काठावर नाचत होती. पूजेला बसलेले म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "जा रे, आबांना आण. पोरं आता ऐकायची नाहीत."

मी धावत वर गेलो. शशी समोरच्या गॅलरीत शेवटचं रीळ भरून तयार होता. सुट्टी असल्यामुळे वहिनी घरी होत्या, पुरणाच्या पोळ्या लाटत होत्या.

"आबा, पंचमी आली!"

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

"आबा, चला. रंग बघायचाय."

"तू जा," ते भिंतीकडे बघतच म्हणाले. "तू खोटा आहेस."

माझं नाव त्यांच्याकडे राहिलं नव्हतं, चेहरा राहिला नव्हता, कालचा दिवस राहिला नव्हता. मी खोटा आहे एवढं मात्र राहिलं होतं.

वहिनींचं लाटणं थांबलं. "खोटा का म्हणतात रे तुला?"

मी सांगितलं. सगळं, अकराच्या आकड्यासकट. खाली हलगी इतकी जोरात वाजत होती की मला कबुली ओरडून द्यावी लागली. अपराध हळू आवाजात सांगायची सोयसुद्धा मिळाली नाही.

वहिनींनी पिठाचे हात पुसले. "वर्गात चाळीस पोरं रोज मला थापा मारतात," त्या म्हणाल्या, "पण पकडलं की त्यांची मान तरी खाली जाते. तू इथे पोळी खाऊन जायचास रोज." मग त्या आबांच्या खाटेशी बसल्या. त्यांनी समजावलं, खिडकी उघडली, हलगी ऐकवली. आबा म्हणाले, "वरात असेल कुणाची." वर्षभर ज्या दिवसाची त्यांनी वाट बघावी तो दिवस खिडकीखाली उभा होता, आणि माझ्यामुळे तो त्यांना वरात वाटत होता.

"आता तोंडाने काही सांगू नकोस," वहिनी मला म्हणाल्या. "तुझ्या तोंडावर विश्वास नाही त्यांचा. दुसरं काही आण."

मी जिना उतरलो. काय आणायचं ते खाली येईपर्यंत मला कळलं नव्हतं. गर्दीतून काठापाशी गेलो आणि अंगातल्या शर्ट-पँटसकट रहाडीत धप्पा मारला.

चौकात जी बोंब उठली ती तुम्ही कल्पनेनेच ऐका. आबांनी रंग बघण्याआधी रहाडीत उतरणारा त्या चौकातला मी पहिलाच. "अरे हा कोण रे येडा!" "धरा त्याला!" म्हातारे गृहस्थ काठी उगारून आले. गॅलरीतून शशी केकाटत होता, "थांब, थांब, मी फोकस केला नाही!" दोघांनी मला बखोटीला धरून वर ओढलं. तसाच निथळत मी जिना चढलो. पायरीपायरीवर केशरी पाणी सांडत गेलं.

मी आबांच्या खाटेशी उभा राहिलो. काही बोललो नाही. पाण्याचे थेंब त्यांच्या गोधडीवर पडले तसे ते वळले. त्यांनी माझं मनगट धरलं. अंगठ्याने घासलं. नाकाशी नेलं. आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"कच्चा!" ते गरजले. "कुणी उतरवलं रे तुला कच्च्या रंगात? फुलं टाकली का नुसता देठ उकळला? कोण मेला बसलाय कढईवर?"

वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सदरा चढवायलाही आबा थांबले नाहीत. बंडीवरच निघाले, जिनाभर शिव्या देत. चौकात ते दिसले आणि गर्दी आपोआप दुभंगली. कढईवरच्या पोराला त्यांनी बाजूला ढकललं, फुलांच्या पोत्यात हात घातला.

"ताजी हायेत बाबा, लय ताजी," पेठची बाई म्हणाली.

"तुझी ताजी आहेत गं. ही गाढवं कंजूस आहेत. ओत, आणखी दोन पोती ओत!"

पाऊण तास त्यांनी सगळ्या चौकाला ताटकळत ठेवलं. तीनदा हात बुडवला, तीनदा मान आडवी हलवली. चौथ्यांदा हात उन्हाकडे धरून बराच वेळ बघितलं. हलगीवाल्यानेही काठी उचलून धरली होती.

"हं," आबा म्हणाले.

आणि कुणाला काही कळायच्या आत, नाक चिमटीत धरून, त्यांनीच पहिला धप्पा मारला. पाणी काठावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या टोपीपर्यंत उडालं. आबा वर आले, मिशा केशरी, तोंडभर हसू. त्यांच्यामागे सगळा चौक कोसळला. शेजारी कुणीतरी हातपाय मारत होतं म्हणून बघितलं तर शशी! कॅमेरा चहावाल्याकडे ठेवून तो आला होता.

त्यामुळे आमच्या माहितीपटात ती उडी नाही. प्राध्यापक म्हणाले, "प्रयत्न बरा आहे, पण शेवट नाही याला." मुंबईहून धुऊन आलेल्या त्या रिळांत एक गोष्ट मात्र आहे, आणि ती मला पडद्यावर पहिल्यांदा दिसली. सायकलींसमोर उभे असलेले आबा मान वळवून कॅमेऱ्याकडे बघतात. बाजूला माझी पाठ दिसते. मी काहीतरी सांगून हसतोय. तो तुकडा मी कापला नाही. शशी म्हणाला, काप. वहिनींना मी तो स्वतः दाखवला. त्या बघून म्हणाल्या, "राहू दे. असाच होतास तू."

आबा पुढच्या थंडीत गेले. त्यानंतर "हं" म्हणायचा मान वहिनींकडे आला. काही जुन्या लोकांनी कुरकुर केली, पण वहिनींनी मुख्याध्यापकांशी बोलतात त्या आवाजात त्यांना गप्प केलं.

पण मला आबा आठवतात ते त्या पंचमीनंतरच्या दिवसांतले. त्या रहाडीचा रंग अंगावरून लवकर जात नाही. रोज सकाळी आबा जागे होत, आपले केशरी हात बघत आणि चकित होऊन वहिनींना विचारत, "पंचमी झाली का गं?" वहिनी म्हणत, "झाली ना! तुम्हीच पहिली उडी मारलीत." रोज त्यांना ते नव्याने कळायचं, आणि रोज ते टाळी वाजवून हसायचे. मी कॉलेजला जाण्याआधी तेवढ्यासाठी जिना चढायचो. हळूहळू हातांवरचा रंग उतरला, कोपरांवरचा उतरला. नखांतला रंग राहिला. नखं वाढत गेली तशा वहिनी ती कापत गेल्या. शेवटी एका अंगठ्याच्या टोकाला बारीकशी केशरी कड तेवढी उरली.

त्या सकाळी आबांनी तो अंगठा माझ्यापुढे धरला. "हे बघ," ते म्हणाले, "पंचमी झाली वाटतं. तू होतास का रे?"

"होतो, आबा."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग सरकून खाटेवर मला बसायला जागा करून दिली.