शंका आली की कप्तानाला उठवा

निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात. मी एका जुन्या लाकडी युद्धनौकेवर व्हॉलंटिअर गाइड झाले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, आमच्या गावच्या गोदीत ती उभी आहे. "जन्मभर घरात हुकूम सोडलेस, आता जहाजावर सोड," आमचे हे म्हणाले. म्हणोत बापडे.

खरं सांगते, शिडांच्या जहाजांवरच्या त्या कप्तानांच्या मी प्रेमातच पडले. पोरवयात समुद्रावर जायचं, दोर ओढत, ताऱ्यांवरून दिशा काढायला शिकत वर चढायचं, परीक्षा द्यायची आणि एवढं करून जहाज मिळेलच याची खात्री नाही! कितीतरी जण अर्ध्या पगारावर किनाऱ्याला वाट बघत म्हातारे झाले. ज्याला जहाज मिळायचं त्याचा दिवस तरी कसला? सकाळी डॉक्टर येऊन आजारी कोण ते सांगणार, भर दुपारी सूर्याची उंची मोजून जहाज कुठे आहे ते ठरवायचं, खलाशांचं जेवण धड शिजलंय का बघायचं, भांडणं, शिक्षा, सगळं याच्याच डोक्यावर. आणि स्वतः जेवायला बसायचं ते बहुतेक वेळा एकट्याने. फटके मारणारे खडूस कप्तान होते, नाही असं नाही. पण शेकडो जिवांचा भार एकट्याने वाहायचा म्हणजे काय गंमत आहे?

गेल्या हिवाळ्यात आमची लेक घरी आली ती नोकरी सोडायचं ठरवूनच. ती इथेच जन्मलेली, हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे मधल्या फळीतली डॉक्टर आहे. झालं असं, की एकदा शंका आली म्हणून तिने घरी असलेल्या कन्सल्टंटना, म्हणजे तिच्या वरच्या मोठ्या डॉक्टरांना, फोन केला, तर ते "एवढ्याशासाठी?" म्हणून तिच्यावर खेकसले. पुढच्या वेळी शंका आली तेव्हा हिने फोनच केला नाही. पेशंट थेट आयसीयूत गेला. वाचला, पण थोडक्यात.

"आई, मी या जॉबच्या लायकच नाही. मला वाटलं, मोठ्या माणसाला कशाला डिस्टर्ब करायचं."

आमच्या घरचं वळणच ते. बाप ड्यूटीवरून येऊन झोपला की पोरांनी चवड्यांवर चालायचं. राजीनाम्याचा ईमेल तिच्या फोनमध्ये लिहून तयार होता, फक्त पाठवायचा बाकी होता.

दुसऱ्या दिवशी रविवार, माझी जहाजावर पाळी. तिला म्हटलं, "ऊठ, चल. घरात कुढत बसून कोणाचं भलं झालंय?" आली बिचारी तोंड पाडून. कप्तानाच्या खोलीत मी लोकांना नेहमीचंच सांगत होते. कप्तान स्वतः पहारा देत नसे. अधिकारी आळीपाळीने जहाज सांभाळत, पण त्यांना त्याचा हुकूम असे: वारा फिरला, किनारा दिसला किंवा नुसती शंका आली, की मला उठवायचं. उठवलं नाही तर अधिकाऱ्याची धडगत नसे.

लोक पुढे सरकले. लेक तिथेच उभी. "आणि उठवल्यावर तो ओरडला तर?"

"ओरडू दे की! ओरडत का होईना, वर डेकवर यायचाच. जहाज बुडालं तर कोर्टापुढे त्यालाच उभं राहायचं असायचं. अगं, उठणं हे त्याचं कामच होतं. त्याच्या झोपेची काळजी तू कशाला करतेस?"

'तू' म्हणून गेले खरी. ती संध्याकाळच्या ट्रेनने परत गेली, आणि ईमेलचं विचारायची माझी छाती झाली नाही. पुढचे दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत.

एका दुपारी तिचाच फोन आला.

"आई, मी आज त्याच बॉसना बोलावलं. पहिल्याच शंकेला."

"ओरडले?"

"खूप."

"मग?"

"मग आले. अंगातला ओला कोटसुद्धा न काढता सरळ पेशंटपाशी आले."

"आणि पेशंट?"

"चहा मागतोय," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.